शिवलेला पट

संदूक उघडायचा नाही ही अमृतरावची ताकीद घरानं तेरा वर्षं पाळली, आणि मोडली ती लातूरहून आलेल्या एका कागदानं.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती. कचेरीला आता वर्धापनदिनाचं प्रदर्शन भरवायचं होतं, गावोगावच्या जुन्या चीजवस्तू मांडायच्या होत्या, आणि साहेबानं खेड्यातून आलेल्या प्रत्येक कारकुनाला कागद काढून कळवलं होतं की घरातलं काहीतरी घेऊन या. निवृत्ती त्या कचेरीत नुकताच चिकटलेला. साहेबापुढं आपलं नाव व्हावं, एवढीच त्याची हाव. आजोबांनी, म्हणजे नरसिंगरावांनी, जन्मभर जमवलेले अडकित्ते, दौती, निजामाची नाणी, किल्ली हरवलेली कुलपं असं सगळं मधल्या खोलीतल्या संदुकात पडून होतं. भावाभावांच्या वाटणीत घराचे दोन भाग झाले, चुली दोन झाल्या, पण ती खोली आणि तो संदूक कुणाच्याच वाट्याला गेला नाही. तिथं आता सरजाआत्याची बाज होती.

नीलाबाईला संदुकाशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या डोक्यात चार वाजत होते.

चार वाजता गुरुपादप्पा येणार होते, पंच म्हणून. विहीर दोन्ही घरांची सामायिक, तळाला परसभर, माणूस बुडेल एवढंच पाणी उरलेलं, आणि वैशाखाचे अजून पंधरा दिवस जायचे होते. आठ दिवसांच्या पाळीत पाच दिवस दीर अमृतरावचे, तीन दिवस नीलाबाईचे. आता अमृतरावचं म्हणणं, पाऊस पडेपर्यंत ते तीन दिवसही मलाच द्या, माझा ऊस वाळून चालला. नीलाबाईची लिंबाची बावीस झाडं होती. पंधरा दिवस पाणी तुटलं तर त्यांची सरपणाला काटकं व्हायची.

"सोडून दे ना आई," निवृत्ती संदुकाच्या कडीशी झटत म्हणाला. "बावीस झाडं. काय निघून राहिलं त्यातून? लोणच्यापुरती लिंबं."

"तुझ्या बापानं लावलीत ती."

"बाबांनी लावली, खरं. पण काकाच्या तोंडाला कोण लागंल? पंचापुढं पुन्हा तेच काढतील."

तेच म्हणजे काय, हे त्यानं सांगायची गरज नव्हती. गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. बहात्तरच्या दुष्काळात, त्याच विहिरीच्या पाण्यासाठी, पंढरी आणि अमृता या दोन भावांनी सारीपाट मांडला. तोवर पाळी सारखी होती, चार दिवस आणि चार दिवस. जिंकेल त्यानं पाच घ्यायचे, हरेल त्यानं तीन. पंढरी हरायला लागला आणि त्यानं पट उधळला, सोंगट्या अंगणभर झाल्या, आणि नरसिंगरावांचा घरचा कायदा असा होता की पट उधळला तो हरला. तेव्हापासून नीलाबाईच्या घराला पाणी तीन दिवस आणि वर नाव फुकटचं. हरता येत नाही अशा माणसाची बायको. पुढं पंढरी गेला, त्यालाही सात वर्षं झाली, पण नाव काही गेलं नाही. सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा कुणीतरी हळूच विचारायचं, पट उधळणारे ते तुम्हीच का?

"वन्सं, भावजींना ठावं हाय का हे?" नीलाबाईनं बाजेवर बसलेल्या नणंदेला विचारलं.

"अमृता अहमदपूरला गेला मोटरीचं सामान आणायला. तीनच्या यष्टीनं यील." सरजाबाई पदरानं वारा घेत म्हणाली. "तुझी जाऊ उमादेवी लेकीकडं उमरीला. मला कोण इचारतंय? पोरगं म्हणतंय सरकारी काम हाय. उघडा."

सरजाबाई दोघा भावांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर देगलूरहून परत आली ती आठ वर्षांपूर्वी, आणि अमृतरावच्या चुलीवर जेवत होती. त्यामुळं तिचा न्यायही त्याच चुलीवर शिजायचा. नीलाबाईला त्याचा राग नव्हता. माणूस ज्याचं खातो त्याच्या बाजूनं बोलतो, ही काही नवी गोष्ट नाही.

कडी निघाली. अडकित्ते निघाले, पितळी दौत निघाली, बुरशीचा वास खोलीभर झाला. निवृत्ती एकेक वस्तू फडक्यानं पुसून बाहेर ठेवत होता आणि कागदावर नाव लिहीत होता. अगदी तळाला, जुन्या धोतरात गुंडाळून, सुतळीनं बांधलेलं एक गाठोडं निघालं. त्यानं सुतळी सोडली. लाल खारव्याचा पट घडीतून मोकळा झाला, चार पट्ट्या, पांढऱ्या दोऱ्यानं विणलेली घरं. सोबत लाकडी सोंगट्यांची थैली.

"हा तर सारीपाट," निवृत्ती म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "आई, हा पहिला नंबर घेईल बघ. हाच का तो?"

नीलाबाई उभी होती ती खाली बसली. तेरा वर्षं तिनं या कापडाला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, आणि ते एवढंसं होतं, बाजेवरच्या वाकळेपेक्षाही लहान.

"कवड्या न्हाईत ह्यात," निवृत्ती थैली झटकत म्हणाला. "आणि हे काय? हितं कुणी टाके घातले?"

सरजाबाईनं वाकून बघितलं आणि तिचा वारा घ्यायचा हात थांबला.

आबांचा, म्हणजे नरसिंगरावांचा, आणखी एक कायदा होता. डाव अर्धा राहिला तर सोंगट्या उचलून टाकायच्या नाहीत. ज्या घरात सोंगटी उभी असेल तिथं दोऱ्याचा टाका घालायचा, पट घडी करून ठेवायचा, आणि पुढच्या बैठकीला टाके उसवत डाव तिथूनच पुढं न्यायचा. आणि आपल्या सोंगट्यांचे टाके आपण घालायचे नाहीत. समोरच्यानं घालायचे, म्हणजे कुणाची सोंगटी घडीत बसल्या बसल्या दोन घरं पुढं चालणार नाही. शिवलेला पट जाळायचा नाही, फाडायचा नाही, डाव पुरा झाल्याशिवाय टाका काढायचा नाही. देवाच्या बाबतीत आबा जरा ढिले होते, पण या बाबतीत नाही.

"लाल दोरा," नीलाबाई हळूच म्हणाली. "वन्सं, लाल सोंगट्या ह्यांच्या असायच्या ना?"

"पंढरी जलमभर लालच खेळला. अमृता हिरव्या."

निवृत्तीनं बोटानं टाके मोजले. तीन टाके मधल्या घरात, म्हणजे तीन सोंगट्या घरी पोचून पिकलेल्या. चौथा टाका मधल्या घराच्या लगत, शेवटच्या घरात. हिरवा दोरा कुठंच नव्हता.

"मंजे?" त्यानं विचारलं. त्याच्या पिढीला हा खेळ ऐकून माहीत.

"मंजे एक दान," नीलाबाई म्हणाली. "शेवटच्या घरातून कुठलंबी दान चालतं. एक दान टाकलं की तुझा बाप जिंकला."

निवृत्तीनं टाके पुन्हा एकदा मोजले. मग निवृत्ती म्हणाला, "पण बाबांनी तर पट उधळला होता."

"उधळलेला पट कुणी शिवतं का?"

नीलाबाईनं हे नणंदेकडं बघत विचारलं. सरजाबाई टाक्यांवरून अंगठा फिरवत होती. दोरा दुहेरी, गाठ दोनदा पिळलेली, आणि गाठीच्या पुढं दोन बोटं शेपूट सोडलेलं. ही गाठ घरातल्या कुणालाही अंधारात ओळखता आली असती. अमृतराव पोरवयात तीन वर्षं अहमदपूरच्या धान्याच्या मोंढ्यात पोती शिवायला होता. त्यानंतर त्यानं सदऱ्याची गुंडी लावली तरी पोत्याची गाठ मारली. अमृताची गाठ दातानंच सुटते, अशी घरात थट्टा होती.

"वन्सं, कुणाचे टाके हे?"

"मला काय ठावं. मी तवा देगलूरला व्हते."

"टाके तर आता समोर हायत."

"नीला," सरजाबाई तिच्याकडं न बघता म्हणाली, "मी दोन टाइम त्याच्या घरात जेवते. खाल्ल्या घरचे वासे मोजू का म्या ह्या वयात?"

नीलाबाईनं जास्त ओढलं नाही. ती उठली, आपल्या घरात गेली, आणि फळीवरचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. निवृत्तीनं तो लगेच ओळखला. लहानपणी तो आणि बहीण त्या डब्यातल्या कवड्यांनी खेळायचे. सात कवड्या. डबा तिनं पटाशेजारी ठेवला आणि परत भिंतीला टेकून बसली.

"ह्या आपल्याकडं कशा आल्या?" निवृत्तीनं विचारलं.

"तुझ्या बापाच्या मुठीतून."

मग तिनं सांगितलं, आणि सांगताना ती स्वतःच पहिल्यांदा ऐकत होती. बहात्तरचा दुष्काळ. ती खडी फोडायला जायची, चौथा महिना असताना. त्या दिवशी उन्हात चक्कर येऊन पडली आणि रक्त जायला लागलं. मुकादमानं गावात माणूस पाठवला. पंढरी पळत आला, अनवाणी, आणि तिला उचलायला वाकला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची मूठ मिटलेलीच होती. बैलगाडीत बसल्यावर त्यानं ती उघडली तर आत सात कवड्या. त्यानं त्या तिच्या पदरात टाकल्या आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. पोटातलं गेलं. तीन दिवस ते अहमदपूरच्या दवाखान्यात होते. परत आले तेव्हा गावात सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती, पंढरीनं पट उधळला.

"मला वाटलं, रागानं उधळला अन् कवड्या हातात ऱ्हायल्या," ती म्हणाली. "तेरा वर्सं तसंच वाटून राहिलं."

दारात चप्पल वाजली. अमृतराव तीनच्या मोटारीनं आला होता, खांद्यावर सामानाची पिशवी, आणि मागं गुरुपादप्पा, वाटेतच गाठ पडली म्हणून बरोबरच. अमृतरावनं आधी उघडा संदूक बघितला. मग जमिनीवरचा पट. पिशवी त्यानं खाली ठेवली नाही.

"संदूक कुणी उघडला?"

"मी, काका. कचेरीचं काम हाय," निवृत्ती उभा राहिला.

"कुणाला इचारून?"

"अमृता, बस," सरजाबाई म्हणाली. "पंच आलेत. पाणी तरी दे त्यान्ला."

गुरुपादप्पा बाजेवर टेकले. सत्तरीचे लिंगायत वाणी, कमी बोलणारे, आणि दोन्ही घरांत ज्यांचा शब्द कुणी मोडत नसे असे गावात उरलेले एकटेच. निवृत्तीनं दिलेलं पाणी त्यांनी प्यायलं आणि पटाकडं बघितलं.

"नरसिंगरावांचा पट," ते म्हणाले. "म्या ह्याच्यावर लई वेळा हरलोय. हा तर हरवला म्हणत व्हते."

"अडगळीत पडला असंल," अमृतराव म्हणाला. "त्याचं काय आता? आप्पा, आपण पाण्याचं बोलू. माझा ऊस जळून चालला."

"पाण्याचंच हाय हे, भावजी," नीलाबाई म्हणाली. दिरापुढं ती एवढ्या सरळ आवाजात आजवर बोलली नव्हती, आणि तिचं तिलाच ते जाणवलं. "आप्पा, ह्या पटावर टाके हायत. बगा एकवार."

गुरुपादप्पांनी पट मांडीवर ओढला. चष्मा लावला. खूप वेळ बघितलं. अमृतराव दाराच्या चौकटीला हात लावून उभा होता, आत यावं की जावं हे न ठरवता.

"जुन्या डावाचे असतील," तो म्हणाला. "आबांच्या वक्ताचे."

"आबा पिवळ्या खेळायचे," गुरुपादप्पा म्हणाले. "लाल पंढरीच्या. टाके कुणाचे, सरजाबाई?"

आता सगळे सरजाबाईकडं बघत होते. नीलाबाईनं मान खाली घातली, कारण नणंदेला तिनं नजरेनंही ढकललं असतं तर ते बरं झालं नसतं. म्हातारीनं एकदा भावाकडं बघितलं. त्या बघण्यात माया होती, आणि नंतर जे बोलली ते त्या मायेनंच बोलली असावी.

"अमृताचे," ती म्हणाली. "पोत्याची गाठ हाय. दुसऱ्या कुणाला येत न्हाई."

"अक्का."

"मग काय खोटं बोलू? उद्या भाकर नगं घालू मला."

अमृतरावनं पिशवी खाली ठेवली. क्षणभर नीलाबाईला वाटलं, आता कबूल करील. पण तो मोंढ्यात वाढलेला माणूस, एवढ्यात भाव सोडणारा नव्हता.

"हाव, मीच शिवले," तो म्हणाला. "त्यानं उधळल्यावर शिवले. कुठं काय व्हतं ते आठवून. आबांचा रिवाज म्हून."

काकापुढं निवृत्तीची जीभ कधी उचलली नव्हती. आता तो पटाजवळ उकिडवा बसला आणि शेवटच्या घरावर बोट ठेवून म्हणाला, "काका, तुमी म्हणता बाबा हरत व्हते म्हून उधळला. तुमच्याच टाक्यानं त्यांची सोंगटी हितं हाय. घरापासून एक घर. हरणारा माणूस हितं कसा?"

अमृतरावनं नजर पटावरून काढली.

"अन् ह्या कवड्या," नीलाबाई म्हणाली. "साती त्यांच्या मुठीत व्हत्या, भावजी. खडीवर आले तवा. त्यांचं दान व्हतं. टाकायच्या आधी निरोप आला. खरं का न्हाई?"

बाहेर कुणाचा तरी रिकामा टँकर खडखडत गेला.

"मला वाटलं, यील तो," अमृतराव म्हणाला. तो उंबऱ्यावरच बसला, पंचाकडं पाठ करून, आणि अंगणाकडं बघत बोलला. "उठला अन् पळाला. म्या त्याच्या सोंगट्या शिवल्या. माझ्या हिरव्या तो आल्यावर शिवंल म्हून तशाच ठेवल्या, दोन दिस. पोरान्ला येऊ देत नव्हतो पटाजवळ. मग चावडीवर इचारलं कुणीतरी, काय झालं रे डावाचं. इहिरीला तवा हातभर पाणी व्हतं. माझ्या तोंडातून गेलं. उधळला मनलो. एकदा गेलं तोंडातून. आला तवा मला मनला, अमृता, असं कामून सांगितलंस. मी मनलो, तूच उधळलास. त्याच्या तोंडावर मनलो. तो नुसता बघत ऱ्हायला. पुन्हा आला न्हाई बोलायला."

"अन् पट जाळला न्हाईस," गुरुपादप्पा म्हणाले.

"शिवलेला पट कसा जाळू, आप्पा?"

भावाचं नाव तेरा वर्षं मातीत घातलेल्या माणसाला एक कापड जाळायचं धाडस झालं नव्हतं. नीलाबाईला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

गुरुपादप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "डाव मोडलेला न्हाई," ते म्हणाले. "नरसिंगरावांच्या कायद्यानं तो चालू हाय, अन् दान पंढरीचं. तो न्हाई, तर त्याच्या घरच्यांनी टाकावं. नीलाबाई, दान टाका अन् पट मोकळा करा. पाच दिवस तुमचे."

अमृतरावची पाठ ताठ झाली, पण तो वळला नाही. पाचाचे तीन झाले असते तर त्याचा ऊस उभ्या उभ्या वाळला असता, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. निवृत्तीच्या डोळ्यांत चमक आली होती. घटकेपूर्वी सोडून दे म्हणणारा हाच मुलगा आता डबा तिच्याकडं सरकवत होता.

नीलाबाईनं कवड्या हातात घेतल्या. गुळगुळीत, थंड, सात. मुठीत नीट मावल्या. टाकायला किती वेळ लागतो? हात हलवायचा आणि सोडायचा, बस. एवढंसं करून तो उठला असता तर विहीर त्याची होती, नाव त्याचं होतं, जन्मभराची मान वर होती. निरोप आला तेव्हा कवड्या त्याच्या मुठीतच होत्या. तो तेवढाही थांबला नाही.

तिनं दान टाकलं. किती पडल्या ते कुणी मोजलं नाही. मग संदुकातला एक अडकित्ता उचलून तिनं शेवटच्या घरातला लाल टाका तोडला आणि थैलीतली एक लाल सोंगटी मधल्या घरात ठेवली.

"चार-चार करा, आप्पा," ती म्हणाली. "पयल्यावानी. पाच नकोत मला. पण चावडीवर सांगायचं, भावजी. तुमी सोता. जसं तवा सांगितलं तसंच, चारचौघांत."

अमृतराव म्हणाला, "सांगतो, वैनी." मग पिशवी उचलून तो आपल्या दाराकडं गेला. सरजाबाई थोडा वेळ बसून राहिली. मग काठी घेऊन उठली आणि त्याच्याच मागं गेली, चूल पेटवायला. तिचं जेवण तिथंच होतं.

गुरुपादप्पाही गेले. निवृत्ती वस्तू परत संदुकात भरत होता. पट त्यानं हातात घेतला, घडी घातली, पुन्हा उलगडला. कागदावर पटाचं नाव लिहिलं नव्हतं, आणि आता तो लिहिणारही नव्हता.

"आई," तो म्हणाला, "बाबांनी कधीच कसं सांगितलं न्हाई? एवढं ऐकून घेतलं लोकांचं. घरात तरी सांगायचं."

नीलाबाई कवड्या वेचत होती. सहा सापडल्या होत्या, सातवी बाजेखाली गेली होती. तिथं हात घालून ती तशीच थांबली.

"सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "एकदा. मी भाकरी थापत व्हते. मागं येऊन उभे ऱ्हायले अन् मनले, नीला, म्या पट उधळला न्हाई. मी मनलं, सगळं गाव काय खोटं बोलतंय? अन् भाकर तव्यावर टाकली. मागं वळून बघितलंबी न्हाई. थोडा वेळ उभे व्हते. मग गेले."